‘ऱ्हासा’च्या शतकाचा वकील : हेर्मान गोएट्झ

अठराव्या शतकाचे प्रकरण आले की शालेय इतिहासाचा सूर एकाएकी खाली येतो. १७०७ मध्ये औरंगजेब मरण पावला, १७३९ मध्ये नादिरशहाने दिल्ली लुटली, १७६१ मध्ये पानिपत झाले आणि मग हळूहळू कंपनीचे राज्य आले. सारा काळ जणू एक लांबलेला सूर्यास्त. मराठी वाचकाला हा सूर विशेष खटकला पाहिजे, कारण ज्या शतकाला ‘पडझडीचे शतक’ म्हटले जाते तेच मराठ्यांच्या विस्ताराचे शतक होते. तरीही आपल्याकडे वाद झाला तो बहुतेक लढाया, तह आणि कारभार यांवर. त्या काळी चित्रे कशी काढली जात होती, घरे कशी बांधली जात होती, लोक काय नेसत होते, हे प्रश्न दुय्यम मानले गेले.

हे दुय्यम प्रश्नच मुख्य मानणारा एक माणूस पुढे बडोद्याच्या संग्रहालयाचा संचालक झाला. हा धागा त्याच्याविषयी.

१९३८ मध्ये कलकत्ता विद्यापीठाने हेर्मान गोएट्झ या जर्मन कला-इतिहासकाराचे अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील भारतीय संस्कृतीच्या संकटाविषयीचे एक पुस्तक प्रसिद्ध केले. शीर्षकात ‘संकट’ हा शब्द आहे, पण ऱ्हासाची नेहमीची कहाणी त्यात नाही. राजसत्ता मोडणे आणि संस्कृती आटणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि मोगल सत्ता मोडत असतानाच तिच्या छायेत वाढलेली संस्कृती कमालीची नाजूक व परिपक्व होत गेली, हा त्यातील युक्तिवादाचा गाभा.

तो किती धाडसी होता हे कळण्यासाठी त्या वेळचे वातावरण ध्यानात घ्यावे लागते. सर जदुनाथ सरकारांच्या मोगल साम्राज्याच्या पतनावरील ग्रंथाचे चार खंड १९३२ ते १९५० या काळात बाहेर पडत होते आणि विद्यार्थ्यांसाठी ते जवळपास प्रमाणग्रंथ होते. सरकारांनी राजकीय इतिहास लिहिला आणि तो असामान्य परिश्रमाने लिहिला, यात शंका नाही. पण दिल्लीचे तख्त हाच केंद्रबिंदू धरला की बाकी सर्व काही ‘त्यानंतरचे’ ठरते. तोच काळ तख्तापासून चार पावले दूर उभे राहून पाहिला तर चित्र बदलते. १७२७ मध्ये सवाई जयसिंहाने आखून वसवलेले जयपूर, मुहम्मदशहाच्या दरबारात सदारंगाच्या रचनांनी बहरलेला ख्याल, मीर आणि सौदा यांची उर्दू कविता, किशनगढची राधा, गुलेर आणि कांगड्याची लघुचित्रे, हे सारे त्याच ‘सूर्यास्ता’तले. नाना फडणवीसांच्या मेणवलीच्या वाड्यातील भित्तिचित्रे आणि वाईचा ढोल्या गणपतीही त्यातलेच.

गोएट्झ या निष्कर्षापर्यंत आले ते कपड्यांच्या वाटेने.

त्यांचा जन्म १८९८ मध्ये जर्मनीतील कार्ल्सरूह येथे झाला. म्युनिक विद्यापीठात त्यांनी डॉक्टरेटसाठी मोगल काळातील दरबारी पोशाख हा विषय घेतला. त्या काळच्या जर्मन विद्यापीठात भारतविद्या म्हणजे प्रामुख्याने संस्कृत, वेद आणि बौद्ध ग्रंथ. तेथे जामा, पटका आणि पगडी यांवर प्रबंध लिहिणे काहीसे पोरकट वाटले असेल. पण या विषयात एक मोठी सोय दडलेली होती. मोगल आणि राजपूत लघुचित्रांपैकी असंख्य चित्रांवर ना तारीख असते ना चित्रकाराचे नाव. कपडे मात्र बदलत राहतात, आणि चित्रकार ते बदल सहसा निमूटपणे टिपतो.

उदाहरणेच घेऊ. अकबराच्या काळातील चित्रांत टोकदार घेराचा ‘चाकदार’ जामा वारंवार दिसतो. जहांगीरच्या काळात तो मागे पडतो आणि सरळ गोल घेराचा जामा सर्वत्र येतो. कमरेचा पटका आधी अरुंद असतो. शहाजहानच्या काळापर्यंत तो रुंद होतो आणि त्याच्या पदरावर फुलझाडे उमलू लागतात. अठराव्या शतकात जाम्याचा घेर वाढतो, कंबर वर चढते आणि तो पार घोट्यांपर्यंत उतरतो. जामा उजव्या बगलेखाली बांधला आहे की डाव्या, यावरून ती व्यक्ती मुसलमान आहे की हिंदू, हेही बहुधा सांगता येते. जहांगीरने १६१४ मध्ये आजारातून उठल्यावर कान टोचून मोती घातले आणि दरबाऱ्यांनी त्याचे अनुकरण केले. म्हणून एखाद्या चित्रात बादशहाच्या कानात मोती दिसला, तर ते चित्र त्या घटनेच्या आधीचे नाही, एवढे तरी निश्चित होते.

ही पद्धत निर्दोष नाही. जुन्या चित्राची नक्कल करणारा चित्रकार जुने कपडेही तसेच उतरवतो, आणि आडगावच्या दरबारात दिल्लीची फॅशन वीस वर्षे उशिरा पोहोचू शकते. तरी कुठल्याही काळाचे मोल आधीच ठरवून न बसता त्या काळाकडे पाहण्याची सवय ती लावते. शिंप्याच्या दृष्टीने कोणतेही शतक ऱ्हासाचे नसते. अठराव्या शतकातील जाम्याचे कापड आणि बेत पाहणाऱ्याला ‘थकलेली संस्कृती’ कोठेच दिसत नाही.

पुढे बर्लिनमध्ये त्यांनी संग्रहालयाचे काम जवळून पाहिले. एर्न्स्ट क्युनेल या इस्लामी कलेच्या अभ्यासकाबरोबर त्यांनी बर्लिनच्या ग्रंथालयातील जहांगीरच्या चित्रसंग्रहावरील ग्रंथ १९२४ मध्ये प्रसिद्ध केला. या चित्रसंग्रहाचा प्रवासही सांगण्याजोगा. जहांगीरने जमवलेली ही पाने कशीबशी इराणात पोहोचली आणि १८६०च्या सुमारास प्रशियाच्या राजदूतमंडळाबरोबर तेथे गेलेल्या हाइनरिख ब्रुग्श या इजिप्तविद्येच्या अभ्यासकाच्या हाती लागली. पानांच्या चौकटींत मोगल चित्रकारांनी युरोपीय छापचित्रांतील आकृती उतरवून घेतल्या आहेत. म्हणजे युरोपातून आलेली चित्रे आग्र्यात नकलली गेली आणि त्या नकला अडीचशे वर्षांनी बर्लिनमध्ये जाऊन बसल्या. संस्कृती कुंपणात राहत नाहीत, हे समजण्यासाठी तरुण गोएट्झ यांना एवढा एक ग्रंथ पुरेसा होता.

१९३१ मध्ये ते हॉलंडमधील लायडन येथे केर्न संस्थेत गेले. दोनच वर्षांनी जर्मनीत हिटलर सत्तेवर आला. नाझींचे विरोधक असलेल्या गोएट्झ यांना परतीची वाट उरली नाही. १९३६ मध्ये ते भारतात आले. ज्या देशावर ते दीड दशक लिहीत होते, त्या देशात आता ते आश्रयार्थी होते. १९३८चे पुस्तक याच काळातले आहे, आणि ते वाचताना ही पार्श्वभूमी विसरता येत नाही. स्वतःच्या देशातील ग्रंथ, विद्यापीठे आणि संग्रहालये एका राजवटीपुढे कोसळताना पाहणाऱ्या माणसाने ‘राजसत्ता कोसळली म्हणजे संस्कृती मेली का?’ हा प्रश्न विचारला होता. या दोहोंत थेट कार्यकारणभाव लावणे अतिरेकाचे ठरेल. पण प्रश्नाची निकड कोठून आली असेल, याचा अंदाज करता येतो.

मग १९३९ उजाडले. युद्ध जाहीर होताच ब्रिटिश सरकारने हिंदुस्थानातील जर्मन नागरिकांना ‘शत्रुदेशीय’ ठरवले. अनेकांना पहिल्या काही दिवसांतच आपल्या अहमदनगरच्या छावणीत आणून ठेवण्यात आले. हिटलरला विरोध करणारा आणि हिटलरचा भक्त यांत प्रारंभी फारसा भेद केला गेला नाही. गोएट्झ यांच्याही वाट्याला स्थानबद्धता आली. नाझींमुळे परागंदा झालेला माणूस जर्मन म्हणून अडकवला गेला. त्यातून सुटका झाल्यावर त्यांना जे स्थिर काम लाभले ते बडोद्यात.

बडोद्याचे संग्रहालय ही सयाजीराव गायकवाडांची निर्मिती. नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावातून दत्तक म्हणून आलेल्या या मुलाने पुढे आपल्या राजधानीत लंडनच्या धर्तीवर संग्रहालय उभारले. कमाटी बागेतील मुख्य इमारत १८९४ मध्ये पूर्ण झाली. तिच्या शेजारच्या चित्रदालनाचे काम १९०८ मध्ये सुरू होऊन १९१४ मध्ये संपले, परंतु पहिल्या महायुद्धामुळे युरोपातील चित्रे वेळेवर येऊ शकली नाहीत आणि दालन उघडण्यास १९२१ साल उजाडले. या दालनासाठी युरोपीय चित्रांची निवड करण्यास मॅरियन स्पिलमन या इंग्रज कलासमीक्षकाची मदत घेतली होती.

नाझी राजवटीमुळे बडोद्यास आलेले गोएट्झ पहिले नव्हेत. १९३४ मध्ये एर्न्स्ट कोन-विनर हे ज्यू कला-इतिहासकार बर्लिनहून येथे आले होते. मध्य आशियातील वास्तुकला आणि ज्यू कला हे त्यांचे विषय. १९३९ मध्ये ते अमेरिकेस गेले आणि १९४१ मध्ये तेथेच वारले. सयाजीरावांचे निधन फेब्रुवारी १९३९ मधले. म्हणजे गोएट्झ आले तेव्हा संग्रहालयाचा निर्माता नव्हता आणि आधीचा जाणकारही नव्हता. मागे उरला होता एक अवाढव्य, सरमिसळ संग्रह. इजिप्तची ममी, युरोपीय तैलचित्रे, जपानी आणि चिनी वस्तू, तिबेटी मूर्ती, प्राण्यांचे सांगाडे, आणि या सर्वांत गुजरातची स्वतःची शिल्पे. महीच्या मुखातून आलेल्या निळ्या देवमाशाचा प्रचंड सांगाडा आजही त्या इमारतीत पाहणाऱ्याला थक्क करतो.

अशा संग्रहाचे करायचे काय? एक उत्तर सोपे असते. ज्या वस्तूंना इंग्लंडात मान आहे त्या पुढे मांडाव्यात, उरलेल्या कपाटात ठेवाव्यात. गोएट्झ यांनी लिहिण्याची वाट धरली. १९४३-४४ पासून संग्रहालयाचे स्वतःचे वार्तापत्र निघू लागले आणि त्यात ते सातत्याने लिहीत राहिले. एखाद्या संस्थानी संग्रहालयाचे नियतकालिक म्हणजे बहुधा पाहुण्यांची यादी आणि देणग्यांचे आभार. हे मात्र संशोधनपत्र होते. गुजरात व राजस्थानातील चित्रे, शिल्पे, कापड अशा वस्तूंविषयी त्यात लेख येऊ लागले. नोंदवहीतील क्रमांकाच्या मागे एक इतिहास असतो आणि तो छापून लोकांपुढे ठेवणे हे संचालकाचे कर्तव्य आहे, ही धारणा त्यामागे होती. १९५१ मध्ये बडोद्यालगतच्या अकोटा येथे जैन कांस्यमूर्तींचा मोठा साठा सापडला. पाचव्या-सहाव्या शतकापासून पुढच्या कित्येक शतकांतील त्या मूर्ती याच संग्रहालयात आल्या, आणि उमाकांत प्रेमानंद शाह यांनी त्यांच्यावर लिहिलेला ग्रंथ पश्चिम भारतीय शिल्पाच्या अभ्यासाचा पाया ठरला.

याच वर्षांत गोएट्झ बिकानेरच्या कलेवर काम करत होते. ते पुस्तक १९५० मध्ये आले. राजस्थानचे वाळवंट, एक दूरचे संस्थान, आणि विषय मुख्यतः सोळाव्या शतकानंतरची कला. कलेच्या प्रतिष्ठित इतिहासात ज्याला जागा नव्हती असे सारे. मराठी वाचकाने मात्र या पुस्तकाकडे वेगळ्या कारणाने पाहावे. बिकानेरचा राजा अनूपसिंह औरंगजेबाच्या फौजेबरोबर वर्षानुवर्षे दख्खनेत होता आणि अदोनीचा किल्लाही त्याच्या ताब्यात होता. दख्खनच्या धामधुमीतून त्याने संस्कृत हस्तलिखिते आणि देवमूर्ती बिकानेरला नेल्या. त्या मूर्ती जुनागढ किल्ल्यातील तेहतीस कोटी देवतांच्या मंदिरात ठेवल्या गेल्या आणि हस्तलिखितांचा संग्रह आज अनूप संस्कृत ग्रंथालय म्हणून प्रसिद्ध आहे. त्याबरोबर दख्खनी चित्रशैलीही वाळवंटात पोहोचली. बिकानेरच्या चित्रांतील जांभळट छटा आणि लांबसडक स्त्री-आकृती पाहिल्या की विजापूर आणि गोवळकोंडा आठवतात. युद्धाच्या इतिहासात जी फक्त लूट आहे, ती कलेच्या इतिहासात देवाणघेवाणही असते. दोन्ही खरे, आणि एकामुळे दुसरे पुसले जात नाही.

गोएट्झ यांच्या लेखनाचा एक मोठा दोषही सांगायला हवा. पुरावा जेथे संपतो तेथे थांबणे त्यांना जमत नसे. तुटपुंज्या धाग्यांवरून ते आख्खा पट विणत. मीराबाईच्या चरित्राची त्यांनी केलेली मांडणी इतिहासापेक्षा कादंबरीच्या अंगाने अधिक जाते, आणि त्यांनी केलेले अनेक चित्रांचे कालनिर्णय नंतरच्या अभ्यासकांनी बदलले. भारतीय कलेला ‘बरोक’, ‘रोकोको’ अशी युरोपीय नावे देण्याची त्यांची सवयही आज खटकते. जी गोष्ट स्वतःच्या अटींवर समजून घ्यावी असा त्यांचाच आग्रह, तिला त्यांनी कधी कधी म्युनिकच्या व्याख्यानगृहातील शब्दांची झूल चढवली. १९६८ मध्ये बी. एन. गोस्वामी यांनी तीर्थक्षेत्रांतील पंड्यांच्या वह्या धुंडाळून पहाडी चित्रकारांची घराणी उलगडली, तेव्हा शैलीवरून केलेल्या तर्कांपेक्षा कागदावरची एक नोंद किती मोलाची असते हे स्पष्ट झाले. गोएट्झ यांची दिशा बरोबर होती. मुक्कामाची ठिकाणे मात्र पुष्कळदा चुकली.

बडोद्यातील त्यांच्या कामाची खरी परीक्षा मात्र एका जिवंत चित्रकारामुळे झाली. फ्रान्सिस न्यूटन सूझा, १९२४ मध्ये गोव्यातील साळगावचा जन्म. १९४५ मध्ये त्याला मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयातून काढून टाकण्यात आले होते. पदवी नाही, नाव नाही, डोक्यात संताप. त्याच सुमारास त्याने काढलेले ‘ब्ल्यू लेडी’ हे चित्र गोएट्झ यांनी बडोदा संग्रहालयासाठी विकत घेतले.

या खरेदीचा अर्थ नीट समजून घेण्यासारखा आहे. संग्रहालय संस्थानाचे, पैसा सार्वजनिक. शेजारच्या दालनात लंडनहून आलेली, तज्ज्ञांनी निवडलेली तैलचित्रे. आणि त्यांच्याबरोबर नोंदवहीत चढते एका विशीतल्या, शाळेतून हाकललेल्या मुलाचे चित्र. चुकले असते तर संचालकाचे हसे झाले असते. त्या काळी मुंबईत असेच आणखी काही निर्वासित नव्या चित्रकारांच्या पाठीशी उभे होते. व्हिएन्नाहून आलेले चित्रकार वॉल्टर लांगहामर, जर्मनीतून आलेले समीक्षक रूडी फॉन लायडन, संग्राहक इमॅन्युएल श्लेझिंगर. पण खासगी संग्राहकाने चित्र घेणे ही त्याच्या आवडीची बाब असते. संग्रहालयाने घेणे म्हणजे हा इतिहासाचा भाग आहे, असे जाहीर करणे. दोन वर्षांनी सूझा आणि त्याच्या सोबत्यांनी प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपची स्थापना केली.

गोएट्झ यांच्या दोन आवडी, अठराव्या शतकातील लघुचित्रे आणि विसाव्या शतकातील बंडखोर चित्रे, वरवर पाहता परस्परविरोधी वाटतात. आतून त्या एकच आहेत. भारतीय कला अजिंठ्यात किंवा गुप्तकाळात शिखरावर होती आणि नंतर केवळ उतार, असे मानणाऱ्याला कांगडाही दुय्यम आणि सूझाही दुय्यम. तो उतार नाकारला की दोघांनाही दार उघडते.

१ मे १९४९ रोजी बडोदा संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. त्याच वर्षी महाराजा सयाजीराव विद्यापीठ सुरू झाले, पाठोपाठ त्याची ललितकला शाखा आली आणि ना. श्री. बेंद्रे तेथे शिकवू लागले. राजाश्रय गेला, तरी बडोदे पुढची तीन दशके आधुनिक भारतीय कलेचे एक प्रमुख केंद्र राहिले. संग्रहालयातून शिल्प, लघुचित्र आणि आधुनिक चित्र एकाच फेरीत पाहता येणे ही त्या विद्यार्थ्यांची मिळकत होती.

१९५३ मध्ये गोएट्झ यांनी बडोदे सोडले. २९ मार्च १९५४ रोजी दिल्लीतील जयपूर हाउस येथे राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाचे उद्घाटन उपराष्ट्रपती डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन यांच्या हस्ते झाले, आणि त्याचे पहिले क्यूरेटर म्हणून गोएट्झ यांची नियुक्ती झाली होती. स्वतंत्र देशाच्या आधुनिक कलेचे पहिले राष्ट्रीय दालन मोगल जाम्यांच्या अभ्यासकाकडे सोपवले जावे, हे बडोद्याचा काळ पाहिलेल्यांना नवल वाटले नसावे. तेथे ते फार काळ राहिले नाहीत. जर्मनीस परतून त्यांनी हायडेलबर्ग येथे अध्यापन केले. १९५९ मध्ये भारतीय कलेच्या पाच हजार वर्षांवरील त्यांचा सर्वांत वाचला गेलेला ग्रंथ आला.

अठराव्या शतकाच्या इतिहासाची दिशा पुढे खरोखरच बदलली, पण ती कलेच्या नव्हे, अर्थव्यवस्था आणि कारभाराच्या अभ्यासातून. सी. ए. बेली यांनी उत्तर भारतातील बाजारपेठा आणि व्यापारी यांवर, मुझफ्फर आलम यांनी अवध आणि पंजाबवर, आंद्रे विंक आणि स्ट्युअर्ट गॉर्डन यांनी मराठ्यांवर लिहिले. ‘पडझड’ या एका शब्दात न मावणारे, प्रादेशिक सत्तांचे एक गजबजलेले शतक त्यातून पुढे आले. गोएट्झ यांचे १९७६ मध्ये निधन झाले. बेलींचे पुस्तक त्यानंतर सात वर्षांनी प्रसिद्ध झाले.